डिपर, रिले आणि पायथन: ट्रक आणि प्रोग्रॅमिंगबद्दल मजेनं वाचायचं असेल तर

आमच्या आप्पांनी एकतीस वर्षं दहाचाकी चालवली. बहुतेक खेपा सांगली ते भिवंडी, नाहीतर कळंबोली. जाताना साखर, हळद, बेदाणा. येताना जे मिळेल ते रिटर्न भाडं. मी पुण्यात बसून कोड लिहितो. घरात दोन धंदे, आणि दोघांनाही आपला धंदा दुसऱ्याला सांगता येत नव्हता. "दिवसभर बसूनच असतोस की," आप्पा म्हणायचे. "तुम्हीपण बसूनच असायचा," मी म्हणायचो. विषय तिथंच संपायचा.

तो पुढं सरकला वाचनामुळं. चार-पाच वर्षं या दोन्ही धंद्यांवर जे हाताला लागेल ते वाचत गेलो. त्यातलं बरंचसं अर्ध्यावर टाकलं. ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही आणि ज्यानं ट्रकच्या केबिनमध्ये कधी पाय ठेवलेला नाही, अशा माणसानं गोडीनं वाचावं असं काय आहे आणि कुठल्या क्रमानं घ्यावं, एवढंच खाली सांगतोय. परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी काय वाचावं हे विचारायचं असेल तर मी चुकीचा माणूस आहे.

पायरी १: आधी रस्त्यावर उभं राहून वाचा

याला पैसे लागत नाहीत. टोलनाक्याच्या रांगेत शेजारी ट्रक उभा असेल तर त्याच्या मागचं सगळेच वाचतात. 'हॉर्न ओके प्लीज' वर तर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं बंदीच घातली, तरी ते अजून दिसतं. तुम्ही बाजूला बघा. तिथं बारीक अक्षरात मालकाचं नाव, पत्ता, रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं परवानगीचं वजन, टायरचा साइज असं रंगवलेलं असतं.

त्यातली दोन वजनं वाचा आणि वजाबाकी करा. जे उरतं ती त्या गाडीची कमाई. तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकीला पूर्वी एकूण २५ टनांची परवानगी होती, २०१८ साली ती २८.५ टन झाली. साडेतीन टन जास्त म्हणजे दर खेपेला किती, हे गाडीमालक झोपेतसुद्धा सांगेल.

चांगल्या प्रोग्रॅममध्येही प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर अशीच पाटी असते: आत काय घेणार, किती घेणार, बाहेर काय देणार. मी नव्या पोरांना कोड वाचायला शिकवताना आधी ही पाटी वाचायला लावतो. आतलं इंजीन नंतर उघडता येतं.

पायरी २: पुस्तक उचललं की मधलं पान उघडा

प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण सगळ्यांचंच बरं असतं. म्हणून मधलं कुठलंही पान काढा आणि चार गोष्टी शोधा: पैशाचा आकडा, वेळ, एखाद्या सुट्या भागाचं नाव, आणि चूक. चारातल्या दोन सापडल्या तर पुस्तक घरी न्या. एकही नसेल आणि 'ध्येय', 'झेप', 'प्रवास' हे शब्द मात्र पानावर तीनदा दिसले तर परत ठेवा. ट्रकवरच्या पुस्तकात डिझेल, दंड आणि वाट बघणं नसेल तर लेखक केबिनमध्ये बसलेला नाही असं खुशाल समजा. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात रात्री दोन वाजता न सापडणारी चूक नसेल तर तिथंही तेच.

ही कसोटी मला आप्पांच्या डायरीवरून सुचली. बँकेनं फुकट दिलेली लाल डायरी, कडा डिझेलनं काळ्या पडलेल्या. त्यातली एक नोंद जशीच्या तशी:

"१४ ता. रात्री ९ भरली. हळद. अ‍ॅड. ८०००. १५ कळंबोली. नंबर नाही. १६ नंबर नाही. १७ दुपारी खाली. हमाली जादा १५०. मागचा आतला टायर पंक्चर. ४० रु. लागत नाहीत."

'अ‍ॅड.' म्हणजे अ‍ॅडव्हान्स, 'खाली' म्हणजे माल उतरवून गाडी रिकामी, 'लागत नाहीत' म्हणजे हिशोबात जुळत नाहीत. 'नंबर नाही' म्हणजे माल उतरवायची पाळी आली नाही, आणि हे दोन दिवस लागोपाठ. ताडपत्रीच्या सावलीत, रिकाम्या खिशानं, गाडी सोडून कुठं जाताही येत नाही, असे ते दोन दिवस. आप्पांनी त्यावर एक शब्दही जास्त लिहिला नाही. तुमच्या घरात, चुलत्याकडे, शेजारी अशी डायरी असेल तर पहिलं पुस्तक तेच. मालकाला विचारून वाचा, आणि वाचताना त्यालाच शेजारी बसवा. दर नोंदीमागं अर्ध्या तासाची गोष्ट असते.

पायरी ३: दोन्हीकडची एकेक गोष्ट

आता पुस्तकं. सुरुवात गोष्टींपासून करा, समजावून सांगणाऱ्या पुस्तकांपासून नको.

ट्रकसाठी रजत उभयकर यांचं 'ट्रक दे इंडिया' घ्या, २०१९ चं. हा पत्रकार ट्रकवाल्यांना हात करत, त्यांच्याच केबिनमध्ये बसून देशभर सुमारे दहा हजार किलोमीटर फिरला. पुस्तक इंग्रजीत आहे, पण सोपं. ट्रकवाल्याला तो ना बिचारा करतो ना हिरो, म्हणून मला आवडलं. एका बैठकीत संपवू नका. एका ट्रकपुरतं वाचायचं, मिटायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा ट्रक.

प्रोग्रॅमिंगसाठी क्लिफर्ड स्टोल यांचं 'द ककूज एग', १९८९ चं. लेखक मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १९८६ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत त्याच्या संशोधनाचा पैसा संपला म्हणून त्याला कॉम्प्युटर विभागात पाठवलं, आणि पहिलं काम दिलं ते हिशोबातला ७५ सेंटचा फरक शोधायचं. पाऊण डॉलर! दुसऱ्या कुणी खिशातून घातले असते आणि घरी गेला असता. हा शोधत बसला. कुणीतरी बाहेरून मशीनमध्ये शिरतंय हे कळल्यावर यानं इतरांच्या टेबलांवरचे प्रिंटर उचलून आणले, येणाऱ्या प्रत्येक फोनलाइनला एकेक जोडला आणि तिथंच टेबलाखाली झोपला. चोर काय टाइप करतो ते कागदावर उतरत राहिलं. माग काढत काढत गोष्ट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत आणि तिथून सोव्हिएत रशियाच्या केजीबी या गुप्तहेर संस्थेपर्यंत गेली. प्रोग्रॅमिंग अजिबात येत नसलं तरी अडत नाही.

ही गोष्ट मी आप्पांना तोंडी सांगितली. केजीबीचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "पाऊण डॉलर लागत न्हवता म्हणून झोपला न्हाई, हे बरोबर हाय," एवढंच म्हणाले. त्यांचे चाळीस रुपये अजून लागलेले नाहीत.

पायरी ४: अमेरिकेतले ट्रक, पण आपलं गणित बाजूला ठेवून

ट्रकवर सर्वात जास्त आणि सर्वात चांगलं लिहिलं गेलंय ते अमेरिकेत. पण नवखा मराठी वाचक तिथं एका गोष्टीला अडखळतो. तिथल्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बहुधा मैलामागं पैसे मिळतात, आणि सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तासच गाडी चालवता येते. त्यामुळं तिथल्या प्रत्येक पुस्तकात घड्याळ हे एक पात्र असतं. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिले होते. आप्पांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांना खोकला येईपर्यंत हसू आलं.

तर क्रम असा. आधी जॉन मॅकफी यांच्या 'अनकॉमन कॅरियर्स' (२००६) मधलं पहिलं प्रकरण. रसायनांचा टँकर चालवणाऱ्या, स्वतःची एकच गाडी असलेल्या आणि ती चकचकीत ठेवायचा नाद असलेल्या ड्रायव्हरबरोबर लेखक प्रवास करतो. शेवटच्या प्रकरणात तोच ड्रायव्हर परत येतो. मधली प्रकरणं जहाजं, रेल्वे वगैरेंची आहेत, ती सोडली तरी पाप लागत नाही. मग फिन मर्फी यांचं 'द लाँग हॉल' (२०१७). हा घरसामान हलवणारा ड्रायव्हर. बाकीचे ट्रकवाले या लोकांना 'बेडबगर' म्हणतात, म्हणजे ढेकूणवाले. दुसऱ्याचं अख्खं घर डोळ्यांदेखत खोक्यांत भरलं जातं, तेव्हा माणसं कशी वागतात हे त्यात फार मस्त आलंय. घर बदलताना टेम्पोवाल्याशी घासाघीस केली असेल तर थोडी लाजही वाटेल.

त्यानंतर गंभीर दोन. स्टीव्ह व्हिसेली या समाजशास्त्रज्ञानं स्वतः ड्रायव्हर म्हणून नोकरी केली आणि 'द बिग रिग' (२०१६) लिहिलं. ड्रायव्हरला 'तू आता मालक' असं सांगून गाडी त्याच्या गळ्यात कशी घालतात आणि हप्ते फेडता फेडता तो कसा पिचतो, याची त्यात कागदोपत्री उकल आहे. हे वाचताना अमेरिका आठवत नाही, आपल्या चौकातला गाडीमालक आठवतो. दुसरं कॅरेन लेव्ही यांचं 'डेटा ड्रिव्हन'. डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना कामाचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र सक्तीचं झालं. त्याआधी ड्रायव्हर वहीत लिहायचा, आणि वहीला थोडं समजावून सांगता येतं. यंत्राला येत नाही. दोन्ही धंदे एकमेकांना भिडतात ते इथं. असलं यंत्र बनवणारा प्रोग्रॅमर म्हणजे मीच की, असं मनात आलं, आणि त्या दिवशी ऑफिसात जरा गप्प होतो.

पायरी ५: दोन रस्ते जिथं मिळतात

इथं जरा रेंगाळा, कारण ही खरी मौजेची जागा आहे आणि फारसं कुणी दाखवत नाही.

१९५९ साली जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी एक निबंध छापला. नाव, 'द ट्रक डिस्पॅचिंग प्रॉब्लेम'. एका मोठ्या टाकीपासून अनेक पंपांवर पेट्रोल पोचवायचं आहे, गाड्या अमुक, प्रत्येकीची क्षमता तमुक, तर कमीत कमी अंतरात सगळीकडे कसं पोचायचं? प्रश्न ऐकायला सोपा. पण पाच ठिकाणं असतील तर जायचे क्रम १२० होतात. दहा ठिकाणांना ३६,२८,८००. पंधरा ठिकाणांना १,३०,००० कोटींच्या वर. आज घरपोच सामान देणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या मागं या प्रश्नाचीच पिलावळ बसलेली आहे. निबंधातलं गणित समजलं नाही तरी पहिली दोन पानं वाचून बघा, प्रश्न कसा मांडायचा ते कळतं.

त्याच साली एड्सगर डाइक्स्ट्रा या डच प्रोग्रॅमरची जवळचा रस्ता शोधायची पद्धत छापली गेली. ती त्याला तीन वर्षं आधी अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत सुचली होती. नव्या मशीनचं प्रात्यक्षिक लोकांना कळावं म्हणून त्यानं उदाहरण घेतलं ते नेदरलँड्समधल्या गावांच्या रस्त्यांचं. फोनवरचा नकाशा रस्ता सांगतो त्याच्या मुळाशी हे आहे. आप्पांचं म्हणणं, जवळचा रस्ता कुणीपण सांगंल, चढाला गरम होणारी गाडी, शहरातली नो एन्ट्री आणि ओळखीचा पंक्चरवाला धरून रस्ता सांगा. बरोबर आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये याला अटी वाढवणं म्हणतात आणि त्यावर माणसं पीएचडी करतात.

तिसरी गोष्ट कंटेनरची. मॅल्कम मॅकलीन हा अमेरिकेतला ट्रकधंद्यातला माणूस. पोती आणि खोकी एकेक करून जहाजात चढवण्यापेक्षा ट्रकचा डबाच उचलून जहाजावर का ठेवू नये, हा त्याचा विचार. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. मार्क लेव्हिन्सन यांच्या 'द बॉक्स' मध्ये हा सगळा इतिहास आहे. थोडं जाड आहे, पण उरणच्या रस्त्यावर न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत जो कधी अडकलाय त्याला कंटाळा येणार नाही. २०१३ साली 'डॉकर' नावाचं सॉफ्टवेअर आलं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करायचं आणि कुठल्याही मशीनवर तसंच उतरवायचं. त्याच्या चिन्हात देवमाशाच्या पाठीवर कंटेनरच रचलेत.

हे मी मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून विचारलं, "मग हमाली कोण देतं?"

उत्तर मला अजून नीट सुचलेलं नाही. बहुतेक मीच देतो.

पायरी ६: कुठं मिळेल, मराठीत काय

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टातले फुटपाथवरचे पुस्तकवाले. जुनी इंग्रजी प्रत मिळाली तर नशीब. ई-पुस्तकांचा नमुना फुकट उतरवता येतो, मधल्या पानाची कसोटी त्यावर थोडीफार चालते. ऐकायचं असेल तर यातली काही पुस्तकं ध्वनिरूपात आहेत. हातात स्टिअरिंग असेल तर मात्र वाचन नाहीच. पानं गाडी लावल्यावर.

मराठीत सॉफ्टवेअरच्या धंद्याचं आतलं दर्शन हवं असेल तर अच्युत गोडबोले यांचं 'मुसाफिर' हे आत्मचरित्र घ्या. सोलापूरचा मुलगा, मुंबईची आयआयटी, मग पटनी, सिन्टेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्या. कोड कसा लिहितात हे त्यात फार नाही, पण माणसं कशी वाढतात आणि दमतात ते आहे. ट्रकवाल्यांनी मराठीत लिहिलंय ते अजून तरी मुख्यतः गाडीच्या मागंच.

आणि कधी हात शिवशिवलेच तर अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' लेखकानंच इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलंय. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. पुस्तकातली उदाहरणं करत बसू नका. डायरीतल्या दहा खेपा घ्या, किलोमीटर, डिझेल, टोल, हमाली असे रकाने करा आणि कुठली खेप तोट्यात गेली ते पायथनला विचारा. मी केलं. तीन खेपा तोट्यात निघाल्या. आप्पांनी न बघताच तिन्ही ओळखल्या.

पायरी ७: लांब पल्ल्याचं एक पुस्तक

एवढं झाल्यावर चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'कोड' हातात घ्या. पहिली आवृत्ती १९९९ ची, वाढवलेली २०२२ ची. दुसरी मिळाली तर बरं. याला घाई चालत नाही. आमचं आठ महिने चाललंय.

सुरुवातीला दोन दहा वर्षांचे मित्र आहेत, समोरासमोरच्या घरांत राहणारे. रात्री दिवे मालवल्यावर खिडकीतून टॉर्च लावून-विझवून एकमेकांशी बोलायचं कसं, इथून पुस्तक निघतं. मी आप्पांना एवढंच सांगितलं आणि ते उठून बसले. "म्हणजे डिपर!" समोरून येणाऱ्यानं डिपर मारला, म्हणजे हेडलाइट चालू-बंद करून खुणावलं, तर त्याचा अर्थ काय? लाइट खाली कर, असा असेल. पुढं आरटीओ उभाय, असा असेल. अरुंद पुलावर, थांब, आधी मी येतो, असाही असेल. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर तो वळणार, की ओव्हरटेक करू नको सांगतोय, की कर म्हणतोय, यावर तर रस्त्यावर भांडणं होतात. "मग कळतं कसं?" मी विचारलं. "जागा बघून," ते म्हणाले. पेटझोल्ड नेमकं इथून पुढं जातो: जागा बघायची वेळच येणार नाही, खूण एक आणि अर्थही एकच, अशी भाषा दोनच खुणांत कशी बांधायची.

वाचायची पद्धत सांगतो. दिवसाला चार-पाच पानं. आकृती आली की पेन्सिलीनं वहीत काढायची, नुसती बघायची नाही. मेमरीच्या प्रकरणांच्या आसपास दम लागतो. तिथं आठवडाभर गाडी बाजूला लावायला हरकत नाही. शक्यतो दोघांनी मिळून वाचा, आणि दुसरा माणूस तुमच्या धंद्यातला नको.

आम्ही असंच वाचत तारायंत्राच्या प्रकरणाला आलो. लांबच्या तारेत वीज अशक्त होते, म्हणून मध्ये एक यंत्र बसवायचं. अशक्त वीज आली की ते विद्युतचुंबकानं एक पट्टी ओढतं आणि नव्या ताकदीची वीज पुढं सोडतं. मी वाचून दाखवत होतो, आप्पा आकृतीकडे बघत होते. "ह्यो आपला हॉर्नचा रिले न्हवं?"

नाव खाली लिहिलेलंच होतं. रिलेच.

ते उठून माळ्यावर गेले. जुन्या गाडीच्या सामानाची पेटी अजून तिथं आहे. त्यातून त्यांनी एक काळपट चौकोनी डबी काढली, चोवीस व्होल्टचा रिले, झाकण उघडून आतले वीज जोडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि माझ्या ऑफिसच्या एका जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या वायरी लावल्या. टक्. वायर काढली, परत टक्. १९४७ साली हार्वर्डच्या मशीनमध्ये असल्याच एका रिलेत पतंग अडकलेला सापडला होता आणि तो तिथल्या नोंदवहीत चिकटवून ठेवलाय, हे मी सांगितलं. "आमच्यात झुरळ असायचं," आप्पा म्हणाले.

पुस्तकात पुढं असले दोन रिले एकामागं एक जोडतात: दोन्ही ओढले गेले तरच दिवा लागतो. शेजारी शेजारी जोडले तर कुठलाही एक पुरतो. तिथून बेरीज, तिथून मेमरी, तिथून माझा पगार. दुसरा रिले पेटीत नव्हता. मिरजेच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सांगून ठेवलाय. तो येईपर्यंत खूण घालून पुस्तक मिटलेलं आहे.